परत आलेली गुलाबाई

आमच्या घरात देवांना डोळे सगळ्यात शेवटी यायचे. तलावाच्या गाळाची माती हौदात भिजायची, तीत जिनिंगमधून आणलेला टाकाऊ कापूस पिंजून घातला जायचा, नाना धोतर खोचून ती सकाळभर पायांनी तुडवायचे. मग साचे, मग वाळवण, मग खडूचा पांढरा हात, मग रंग. एवढं सगळं होऊनही फळ्यांवर ओळीनं बसलेले देव आंधळेच असत. लहानपणी मला त्यांची भीती वाटत नसे, कीव यायची. एवढा मोठा मुकुट, आणि दिसत काहीच नाही. डोळे आखायचं काम आईचं. माझे वडील, म्हणजे नाना, चांगले मूर्तिकार होते, पण डोळ्यांपाशी आले की त्यांचा श्वास अडायचा आणि रेघ वाकडी जायची. आई धुळ्याची, माठ-रांजण घडवणाऱ्यांच्या घरातली. तिच्या माहेरी देव कुणी केलेच नव्हते. लग्न होऊन आली, दोन-तीन वर्षं मुकाट्यानं माती मळत राहिली, आणि एक दिवस नाना वैतागून उठले तेव्हा त्यांच्या हातातला कुंचला घेऊन तिनं गणपतीचा डोळा आखला. त्यानंतर नानांनी तो कुंचला परत मागितला नाही. गिऱ्हाईक आलं की अक्का ठसक्यात सांगायची, "डोया आम्हना घरनी सूननं आख्या शेतस, देखी ल्या."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. लग्नानंतर फार लवकर नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती भावाकडे परत आली आणि घराचा कारभार तिनं असा काही हातात घेतला की नाना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागत. जुन्या जळगावातलं आमचं घर म्हणजे पुढे छपरी, मध्ये अंगण, मागे स्वयंपाकाची खोली. अंगण आमचं कमी आणि मूर्तींचं जास्त होतं. अक्का स्वतः फक्त खापरं करायची, ज्यांच्या पाठीवर आपल्याकडे पुरणाचे मांडे भाजतात ती. सणाच्या तोंडावर बायका खापर घ्यायला यायच्या. अक्का ते बोटानं वाजवून दाखवायची, आणि तो टणटणीत आवाज मला अजून कानात आहे. तिचा हात सढळ होता आणि तोंड त्याहून सढळ. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ती अशा काही निकरानं वाढायची की पोट भरलंय हे सांगायला धीर लागायचा.

गणपती हे पैशाचं काम होतं, पण माझा जीव गुलाबाईत. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे मुली घरोघरी गुलाबाई मांडतात. गुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती. शेजारी गुलोजी, म्हणजे शंकर, फेटा बांधून जावयाच्या ऐटीत बसलेला. आणि गुलाबाईच्या मांडीवर लेकरू. महिनाभर रोज संध्याकाळी मुलींचा घोळका या घरून त्या घरी जातो, टिपऱ्यांवर गाणी म्हणतो, आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवून विचारते की खाऊ काय? आवाजावरून ओळखायचं. गुळीशेव, फुटाणे, बिबड्यांचा चुरा. अक्का फार लबाड. ती डब्यात केळी ठेवायची, म्हणजे वाजायलाच काही नको.

आमच्या घरची गुलाबाई एका साच्यातून निघत नसे. आई वेगळी, लेकरू वेगळं. लेकरांचा साचा बोटभर होता आणि ते काम माझं. साच्यात माती दाबायची, हलकेच ठोकून काढायची, आणि ओळीनं मांडून ठेवायची. आदल्या दिवशी काढलेल्या गुलाबाईची माती अजून चामड्यासारखी लवचीक असते, तेवढ्यातच लेकरू मांडीवर बसवायचं. एकदा का मांडी पांढरी पडली, सुकली, की मग ताज्या मातीचं लेकरू तिच्यावर बसत नाही. बसलेलं दिसतं, रंगसुद्धा घेतं. पण सुकताना ओली माती आकसते, सुकलेली आकसत नाही, आणि मधली जागा सुटते. हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत होतं. नाना म्हणायचे, "ओलं सुक्याले धरत नही," आणि माझ्या हातावर चापट मारायचे.

माझ्यानंतर आईला बरीच वर्षं दिवस गेले नव्हते. मी तेरा-चौदा वर्षांची, सातवी-आठवीत असेन, तेव्हा पुन्हा दिवस गेले आणि ऐन श्रावणात, कामाच्या धबडग्यात, मुलगा झाला. नानांनी गल्लीत पेढे वाटले. दोन दिवस त्यांनी मातीला हात लावला नाही, नुसते सदरा घालून छपरीत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत राहिले. अक्कानं डिंकाचे लाडू वळले, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार धरली, आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवली. त्या खोलीला ओवा आणि शेपांचा वास येत होता. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. लाडू तसेच होते. बाळ रडलं की ती मान वळवून बघायची. एखाद्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर तिथलं लेकरू रडलं तर आपण बघतो ना, यजमानीण येईल म्हणून, तसं.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, थकवा आहे. मग वाटलं, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, भुसावळकडच्या कुणा बाबाचा धागा आला, शेजारच्या सलमा आपानं पीरावरून पाणी आणून दिलं. आईनं धागा बांधून घेतला, पाणी प्याली, कशाला नाही म्हणाली नाही. दूध येईना. अक्का कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून बाळाच्या ओठांना लावायची आणि ते चुटूचुटू चोखायचं. एकदा दुपारी मी दारात उभी असताना आई अक्काला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी: "अक्का, मी त्याले देखस. पन माले काहीच वाटत नही." अक्कानं वात चालूच ठेवली. मग म्हणाली, "वाटी व माय. वाटी," म्हणजे वाटेल गं, वाटेल, आणि बाळाला उगाच जास्तच घट्ट धरलं.

आता माझ्या मावसबहिणीच्या मुलीला बाळ झालं तेव्हा असंच काहीसं झालं. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, नवऱ्याला समोर बसवून चार गोष्टी ऐकवल्या, आणि पोरगी काही महिन्यांत पूर्वीसारखी भांडायला लागली. मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून रडले. लोकांना वाटलं, मावशीला भाचीचं किती! मी रडत होते आईसाठी. तिच्या दुखण्याला आमच्याकडे नावच नव्हतं. नाव नसलेल्या दुखण्याचा दोष माणसाच्या नावावर चढतो.

पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले आणि आयुष्यभर मुलींना 'माझी आई' हा विषय देत राहिले, कारण तो द्यावाच लागतो. सगळ्या आया चुलीपुढे, पदर डोक्यावर, गालावर हसू, कुशीत बाळ आणि नजर बाळावर. भिंतीवरच्या कॅलेंडरांतही तेच. चित्रातल्या आईला कधी झोप येत नाही, तिची कंबर दुखत नाही, ती कधी बाहेर बघत नाही. गुलाबाईच्या गाण्यांतसुद्धा रुसवे आहेत, सासू आहे, डोहाळे आहेत, पाळणा आहे. पण पाळण्याकडे बघून जिला काहीच वाटलं नाही तिच्यासाठी एक ओळ नाही. एका वर्षी एका मुलीनं आई पाठमोरी काढली. खिडकीशी उभी, बाळ मागे झोळीत. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, "तोंड काढता येत नसेल तिला." मी म्हटलं, तोंड आहे, ते आपल्याकडे नाही इतकंच. त्या चित्राला मी पहिला नंबर दिला आणि वर थोडं बोलणंही खाल्लं.

तर श्रावण. दिवसभर झाकोळ, मध्येच तासभर कडक ऊन. ऊन पडलं की आम्ही धावत मूर्तींच्या फळ्या अंगणात आणायचो. अशाच एका दुपारी अक्का खापराच्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, नाना रंग आणायला गेले होते, मी शाळेतून नुकतीच आले होते. अंगणात पाऊल टाकलं आणि मला बाळाचं रडणं ऐकू आलं. बाळ फळीवर होतं. मी आदल्या दिवशी काढलेली मातीची लेकरं ओळीनं वाळत होती आणि त्यांच्या शेजारी, तशाच ओळीत, आमचं बाळ उघड्यावर उन्हात ठेवलेलं. अंग लाल झालेलं, रडून रडून आवाज बसलेला. आई हौदाशी उकिडवी बसून हात धूत होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, ती धूतच होती. अक्का किंचाळत आली आणि तिनं बाळाला पदरात ओढलं. आईनं वर पाहिलं. "मी त्याले खाले ठेवं," ती म्हणाली. "मंग पुढे काय करानं ते माले उमजनंच नही." तिच्या चेहऱ्यावर तेव्हा मला बाळ झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी दिसलं, आणि ती भीती होती.

त्या दिवसापासून अक्कानं बाळ खाली ठेवलं नाही. तिनं खापरं बंद केली. बाळाला पाठीशी बांधून ती भाकऱ्या थापायची, त्याच्याशी दिवसभर बोलायची, त्याला 'राजा' म्हणायची. बारसं राहूनच गेलं होतं. मांडीवर आडवं घेऊन तेल चोळताना तिचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता इतका मऊ झालेला असे. आयुष्यभर जे मिळालं नाही ते असं आडवाटेनं घरात चालत आलं होतं, आणि ते भावजयीच्या दुःखातून आलं आहे हेही तिला कळत होतं. ती आईला एका शब्दानं टोचून बोलली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अक्काच्या जिभेची ख्याती वेगळी होती.

या सगळ्यात गुलाबाया मागे पडल्या. साच्यातून काढल्यावर त्या माळ्यावर आठ-दहा दिवस तशाच राहिल्या आणि त्यांच्या मांड्या पांढऱ्याफटक पडल्या. गणपती बसून चार-पाच दिवस झाले तेव्हा नानांना त्यांची आठवण झाली. नव्यानं करायला वेळ नव्हता. नाना माळ्यावरून फळ्या उतरवून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "लेकरं काढ." मी काढली. नानांनी पातळ चिखल केला आणि एकेक लेकरू त्या सुक्या मांड्यांवर दाबायला लागले. मी म्हटलं, "नाना, मांडी सुकी शे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरी. यंदा धरी." वर खडूचा जाड हात दिला, त्यात सांधा दिसेनासा झाला. डोळेही त्यांनीच आखले, ओठ चावत. सगळ्या गुलाबाया जरा चकण्या दिसत होत्या, पण खपल्या.

पौर्णिमा झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिली परत आली. एक म्हातारी एका हातात गुलाबाई आणि दुसऱ्या हातात बोटभर लेकरू घेऊन दारात उभी राहिली. पोरी गाणं म्हणत होत्या, ऐन आरतीत लेकरू खाली घरंगळलं. तिनं भांडण केलं नाही. नुसती म्हणाली, "तुमनी गुलाबाईनी लेकरू टाकी दिन्हं, माय." दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. मग रोज. प्रत्येकीच्या हातात तेच, आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच वाक्य. गल्लीत आमच्या घरचं सगळ्यांना माहीत होतं. बाया आत डोकवायच्या, अक्काच्या पाठीवरचं बाळ बघायच्या, खाटेवरची आई बघायच्या, आणि आवाज खाली आणायच्या. कुणी म्हणालं, जिनं देवीचे डोळे आखायचे तिनंच लेकरू टाकलं, मग देवी काय करणार? नाना छपरीतून उठून कुठेतरी निघून गेले. त्यांना माहीत होतं, ही करणी मातीची आहे आणि त्यांच्या घाईची. पण ते कुणाला तसं म्हणाले नाहीत. त्याचा मला अजून राग येतो.

आईनं सगळं ऐकलं होतं. ती उठली. केस बांधले, पदर खोचला आणि छपरीत येऊन परत आलेल्या गुलाबायांपुढे बसली. एक उचलून मांडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शकू, फडकी भिजाडीसनी आन." बाळ झाल्यापासून तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. मी धावले. तिनं प्रत्येक गुलाबाईच्या मांडीवर ओलं फडकं ठेवलं, रात्रभर आणि दुसरा दिवसभर, घटकेघटकेला पाणी शिंपडत. सुकलेली माती पाणी पीत गेली, काळी होत गेली. मग बाभळीच्या काट्यानं तिनं मांडीवर आडव्याउभ्या रेघा ओरखडल्या, लेकराच्या पाठीवरही ओरखडल्या, मध्ये कापूस कालवलेला चिखल भरला, आणि लेकरू ठेवून अंगठ्यानं दाबलं. घाई नाही, जोर नाही. अंगठा उचलायच्या आधी ती थोडं थांबायची. मी शेजारी बसून एकेक लेकरू तिच्या हातात देत होते. मागे अक्का उभी होती, पाठीवर बाळ. एकदा बाळ कण्हलं तेव्हा आईचा हात थबकला, पण ती वळली नाही. मला तेव्हा वाटलं, वळेल, आता वळेल. मी अजूनही कधी कधी ते चित्र मनात पुन्हा काढते आणि तिला वळवते.

फडक्याच्या पाण्यानं एका गुलाबाईचा चेहरा ओघळला होता. तो आईनं पुसून पुन्हा रंगवला आणि डोळे आखले. गुलाबाईचे डोळे खाली, लेकराकडे असतात, ही आमची रीत. हिचे डोळे तिनं समोर आखले. उघडे, सरळ, जरा दमलेले. ती गुलाबाई समोरच्या घरच्या काकूंची होती. त्या धरणगावच्या माहेरवाशीण म्हणून त्यांना सगळे धरणगाववाल्या म्हणत. बाकी सगळ्या बाया आपापली गुलाबाई घेऊन गेल्या, लेकरू हलवून बघून खूश झाल्या. काकूंनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि परत ठेवली. "हाई काय व? लेकरूकडे देखतच नही. अशी गुलाबाई कोनी देखी शे का?" आई म्हणाली, "अशी बी ऱ्हास." काकूंनी ती नेली नाही.

त्याच संध्याकाळी, दिवे लागले तेव्हा, मुलींचा घोळका गल्लीच्या टोकाला गात होता आणि आई जेवायला सगळ्यांबरोबर बसली. भाकरी मोडता मोडता म्हणाली की बाळाला धुळ्याला तिच्या भावाकडे देऊन टाकावं. मामा-मामींना मूल नव्हतं. मामींची दोन बाळं जन्मून गेली होती. नानांचा घास हातातच राहिला. "एकुलता एक आंडोर शे मन्हा," ते म्हणाले. मग अक्का बोलली, आणि ती भांडली नाही, तिनं विनवलं. ती म्हणाली, "मी करस ना त्यानं बठ्ठं. तू काहीच करू नको. तू नुसती ऱ्हाय. त्याले माले दे." आईनं अक्काचा हात धरला. मी तिला कुणाचा हात धरताना फार क्वचित पाहिलं आहे. ती म्हणाली, "अक्का, तुम्हनाकडे ऱ्हायना तं तो याच घरमा ऱ्हाई. रोज माले देखी. मी त्याले काय दिसू? आनि त्या दिननं ऊन… माले मन्हीच भीती वाटस. तठे जगी तो." बाहेर पोरी आमच्या दारापर्यंत आल्या होत्या, त्या खाऊसाठी हाका मारत राहिल्या आणि शेवटी पुढच्या घरी गेल्या.

धुळ्याला नाना, अक्का आणि मी गेलो. आई आली नाही. एसटीत अक्कानं बाळाला खिडकीच्या वाऱ्यापासून पदरानं झाकून धरलं होतं. मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. मामी दारातच उभ्या होत्या, हात पदराला पुसत, पुन्हा पुसत. अक्कानं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि मग तिला सगळं सांगायचं आठवलं: डाव्या कुशीवर झोपतो, दूध कोमट लागतं, पोट दुखलं की पाय पोटाशी धरायचे, अंघोळीनंतर कानामागे पुसायचं, गाणं म्हटलं नाही तरी चालतं पण बोलत राहायचं, आवाज थांबला की उठतो. मामी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या घरात त्या दिवशी शेवभाजी आणि शिरा होता. अक्कानं ताटाला नमस्कार केला आणि घास घेतला नाही. परतीच्या गाडीत ती बाळाचं दुपटं मांडीवर घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. जळगाव आलं तेव्हा नानांनी तिच्या हातातून ते हळूच काढून घेतलं.

आई सावरली. वर्ष लागलं, पण सावरली. पुढच्या वर्षीच्या गणपतींचे डोळे तिनं आखले, कधीमधी गुणगुणायलाही लागली. आणि हीच गोष्ट सगळ्यात अवघड झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आईचं माहेर धुळे. ती दर आखाजीला माहेरी जायची आणि त्या माहेरात तिचं लेकरू होतं, मामींच्या पदराआडून तिच्याकडे बघणारं. त्याचं नाव रमेश ठेवलं होतं. तो तिला आत्या म्हणायचा. ती 'ओ' द्यायची. तिच्या पिशवीत त्याच्यासाठी मातीचे बैल असत, रंगवलेले. तिनं त्याला कधी परत मागितलं नाही. एकदा मी रागानं विचारलं की आता तू बरी आहेस, मग का नाही? ती म्हणाली, "तुन्ही मामीले काय सांगू? ठेवाले दिन्हता म्हनू?" मी लग्न केलं नाही, त्याचं कारण या प्रकरणात शोधू नका.

रमेशला खरं काय ते शाळेतल्या पोरांनीच सांगितलं. खानदेशात असं काही लपत नसतं. त्यानं मामींना विचारलं, मामींनी होय म्हटलं. पुढच्या आखाजीला तो दिवसभर आईच्या मागे मागे फिरला, ती पाणी भरताना, भाकरी करताना बघत राहिला, आणि निघताना तिच्या पाया पडून म्हणाला, "येस मी, आत्या." आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिनं जरा उशिरा उचलला, एवढंच मी पाहिलं.

नाना गेले, अक्का त्यांच्याही आधी. मामा-मामीही गेले. शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. रमेश तोवर पन्नाशीच्या पुढे गेलेला, धुळ्याला नोकरीत. दर रविवारी पहिल्या गाडीनं यायचा. तिची नखं कापायचा, भाकरी दुधात कुस्करून भरवायचा, पाठ पुसून पावडर लावायचा. मी म्हणायचे, अरे, बाई लावू आपण. तो म्हणायचा, "राहू दे, ताई." आई त्याच्याकडे टक लावून बघायची. आता तिच्या डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी बघायची, सगळं राहून गेलेलं बघणं एकदम करायचं असल्यासारखी. दोघांत बोलणं असं काही नव्हतंच. शेवटपर्यंत तो आत्याच म्हणाला आणि तिनं शेवटपर्यंत 'ओ' दिली. गेली तेव्हा अग्नी त्यानंच दिला. भटजींनी नातं विचारलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मुलगा.

तेराव्यानंतर निघायच्या दिवशी तो फडताळासमोर उभा होता. तिथं ती गुलाबाई होती, काकूंनी न नेलेली. रंग उडालेला, पण डोळे तसेच समोर. लहानपणापासून आमच्याकडे येता-जाता त्यानं ती पाहिली होती, पण हातात कधी घेतली नव्हती. त्यानं ती उतरवली, तिरकी केली. लेकराच्या मागच्या बाजूला आम्ही रंग देत नाही, कोण बघतंय म्हणून. तिथं, पाठीशी भरलेल्या चिखलात, आईच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघान् रेघ. रमेशनं त्यावर आपला अंगठा ठेवला. तो मोठा होता, बसला नाही.

"ताई, हिला पाण्यात शिरवली का नाही?"

"पूजाच झाली नाही तर शिरवणार काय? कुणी नेलीच नाही तिला."

त्यानं तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाला, "मी नेतो."

मी ती आईच्या जुन्या पातळात गुंडाळून दिली. बसस्टँडवर मी त्याला पोचवायला गेले. खिडकीशी बसून त्यानं ती मांडीवर घेतली आणि एक हात पातळाच्या आत, लेकरावर धरून ठेवला, गाडीच्या धक्क्यानं पडू नये म्हणून. मी खालून म्हटलं, "अरे, त्याला धरून ठेवायची गरज नाही. ते आईनं बसवलंय. सुटायचं नाही."

त्यानं मान हलवली. गाडी मागे आली, वळली, आणि मला दिसत होती तोवर त्याचा हात तिथंच होता.